गुलामीतून पळून आलेल्यांनी स्वतः लिहिलेली पुस्तकं आजही का वाचायची

अमेरिकेत १८५० आणि १८६० साली जनगणना झाली तेव्हा गुलामांसाठी वेगळे फॉर्म होते. मालकाचं नाव, आणि त्याच्याखाली त्याच्याकडच्या प्रत्येक माणसासाठी एक ओळ, त्या ओळीत वय किती, बाई की पुरुष, रंग काळा की मिश्र, पळून गेलाय का, आंधळा-बहिरा आहे का, बस्स. माणसाच्या नावासाठी रकानाच नव्हता. १८६० मध्ये अशी माणसं होती सुमारे साडेएकोणचाळीस लाख, आणि त्यातल्या बहुतेकांची सरकारी नोंद म्हणजे ही एवढी एक ओळ. बाकीचे जे कागद उरलेत ते जवळजवळ सगळे मालकांचे, हिशोबाच्या वह्या, खरेदी-विक्रीच्या पावत्या, मृत्युपत्रं, आणि पळालेल्याला पकडून द्या, इतकं बक्षीस देऊ अशा पेपरातल्या जाहिराती.

म्हणजे समजा गुलामीतून सुटलेल्या लोकांनी काहीच लिहून ठेवलं नसतं, तर त्या काळाबद्दल आपल्याला जे काही कळलं असतं ते मुख्यतः मालकांच्या तोंडून कळलं असतं. पण त्यांनी लिहिलं. पळून उत्तरेत, म्हणजे गुलामी बंद झालेल्या राज्यांत आलेल्या, पैसे भरून सुटलेल्या, कोर्टातून सुटलेल्या माणसांनी अठराव्या शतकाच्या शेवटापासून पुढे कितीतरी आत्मकथा लिहिल्या नाहीतर सांगून लिहून घेतल्या, आणि त्या काळात त्या खपल्यासुद्धा भरपूर. असाच पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लसचं पहिलं पुस्तक १८४५ मध्ये बॉस्टनला निघालं आणि चार महिन्यांत पाच हजार प्रती गेल्या.

आता बरेच जण म्हणतात की ही पुस्तकं वाचायची कारण ती हृदयद्रावक आहेत. आहेतच, पण माझ्या मते ते कारण दुय्यम आहे. ही पुस्तकं म्हणजे साक्ष आहे, आणि ती साक्ष द्यायला दुसरी कुठलीही जागा त्या माणसांना ठेवलेली नव्हती. सोलोमन नॉर्थअपचंच घ्या. न्यूयॉर्क राज्यातला जन्मापासून स्वतंत्र असलेला माणूस, बायको-मुलं, व्हायोलिन वाजवायचा, १८४१ मध्ये त्याला काम देतो म्हणून फसवून वॉशिंग्टनला नेलं आणि तिथून गुलाम म्हणून लुइझियानाला विकलं. बारा वर्षांनी, १८५३ च्या जानेवारीत तो सुटला, घरी जाताना वॉशिंग्टनला थांबून ज्या व्यापाऱ्याने त्याला कोंडून फटके मारले होते त्याच्यावर केस केली, आणि कोर्टाने त्याची साक्षच घेतली नाही कारण तो कृष्णवर्णीय होता आणि समोरचा गोरा. व्यापारी सुटला. त्याच वर्षी नॉर्थअपचं पुस्तक निघालं. कोर्टात जे बोलू दिलं नाही ते त्याने पुस्तकात नावागावासकट सांगितलं, कापसाची सरी कशी काढतात, सवय झालेल्या माणसाकडून दिवसाला दोनशे पौंड कापूस वेचून घेतात, संध्याकाळी वजनाला उभं राहताना पोटात कसा गोळा येतो कारण कमी भरला तरी फटके आणि जास्त भरला तर उद्यापासून तेवढाच रोज आणायचा. ही शेवटची गोष्ट मालकाच्या वहीत सापडणार नाही. वहीत फक्त पौंड सापडतात.

डग्लसच्या पुस्तकात सुरुवातीलाच तो सांगतो की मला माझं वय माहीत नाही. गुलामांना वाढदिवस नव्हते, पेरणीच्या वेळी जन्मला, कापणीच्या वेळी जन्मला असं सांगायचे, आणि मालकाला विचारणं म्हणजे उद्धटपणा. तो आयुष्यभर ते शोधत राहिला, आपला जन्म १८१७ चा असावा असं त्याला वाटायचं, आणि १८९५ मध्ये तो नक्की तारीख न कळताच गेला. पुढे संशोधकांना त्याच्या पहिल्या मालकाची वही सापडली, तिच्यात हॅरिएटचा मुलगा फ्रेडरिक ऑगस्टस, फेब्रुवारी १८१८, अशी नोंद आहे. मालमत्तेत भर पडली म्हणून लिहून ठेवलेली. ज्याचा जन्म त्याला माहीत नाही आणि ज्याचा माल त्याच्या वहीत मात्र व्यवस्थित आहे. अशा वेळी वही खोटी नसते, फक्त ती कोणासाठी लिहिलीय हे बघावं लागतं, आणि ते बघायला आपल्याला डग्लस शिकवतो.

तो किती बारीक लिहितो बघा. मोठ्या माणसांना महिन्याला आठ पौंड डुकराचं मांस किंवा तेवढी मासळी आणि मक्याचं पीठ. कामाला न लागलेल्या पोरांना वर्षाला दोन जाडेभरडे सदरे, ते फाटले की पुढच्या वर्षापर्यंत उघडं फिरायचं. थंडीत तो गिरणीला मका न्यायचं पोतं चोरून त्यात डोकं खुपसून झोपायचा, पाय बाहेर, आणि पाय इतके फुटायचे की आज ज्या लेखणीने लिहितोय ती त्या भेगेत मावेल असं तो लिहितो. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलंय. लिहिणारा हात आणि फुटलेला पाय एकाच माणसाचे आहेत हे त्याला वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर ठेवायचं होतं, कारण हे लिहिणारा माणूस खरोखर गुलाम होता यावरच लोकांचा विश्वास बसत नव्हता.

हा अविश्वास समजून घेतल्याशिवाय ही पुस्तकं नीट कळत नाहीत. दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं कायद्याने गुन्हा होता, जिथे तसा कायदा नव्हता तिथेही मालक ते होऊ देत नसत. बाल्टिमोरला डग्लसच्या मालकिणीने त्याला एबीसी शिकवायला घेतली, तर नवऱ्याने तिला तिथल्या तिथे थांबवलं, शिकला तर गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही म्हणाला. पोरगा ते ऐकत होता आणि त्याला तिथे कळलं की सुटायची वाट कुठून जाते. मग तो निरोपाला बाहेर पडला की खिशात पाव ठेवायचा आणि गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून अक्षरं शिकायचा, जहाजाच्या गोदीत सुतार लाकडाच्या तुकड्यांवर डावी बाजू, उजवी बाजू कळावी म्हणून जी अक्षरं काढायचे ती बघून लिहायला शिकला. असा माणूस पुढे पळून आल्यावर गुलामीविरोधी सभांमध्ये स्टेजवर उभा राहून इतकं सुंदर बोलायला लागला की लोक म्हणायला लागले हा कधी गुलाम नव्हताच. त्याचं उत्तर म्हणून त्याने मालकांची खरी नावं, गावांची नावं घालून पुस्तक काढलं, आणि त्यामुळे स्वतः पकडला जायच्या धोक्यात आला, कारण कायद्याने तो अजून गुलामच होता. त्याला इंग्लंड-आयर्लंडला जावं लागलं आणि तिथल्या मित्रांनी दीडशे पौंड जमवून १८४६ मध्ये त्याला मालकाकडून सोडवलं.

यात एक प्रसंग तर मला फारच महत्त्वाचा वाटतो. त्याच्या जुन्या भागातल्या एका गोऱ्या माणसाने पेपरात पत्र लिहिलं की हे पुस्तक सगळं खोटं आहे, मी त्या मुलाला ओळखत होतो, तो अगदी सामान्य अडाणी गुलाम होता, त्याला असलं लिहिताच येणार नाही. डग्लसने जाहीर उत्तरात त्याचे आभार मानले. कारण जे सिद्ध करायला तो धडपडत होता ते या माणसाने छापून दिलं होतं, की हो, हा खरंच तिथला गुलाम होता.

म्हणूनच या पुस्तकांच्या कव्हरवर हे स्वतः लिहिलेलं आहे असं ठसठशीत छापलेलं असतं, आणि आत शिरायच्या आधी एखाद्या नामांकित गोऱ्या माणसाची प्रस्तावना, मग आणखी कोणाचं पत्र, हा माणूस खरा आहे, मी याला ओळखतो वगैरे. डग्लसच्या पहिल्या पुस्तकात अशा दोन आहेत. दहा वर्षांनी, १८५५ मध्ये त्याने आत्मकथा नव्याने लिहिली तेव्हा प्रस्तावना घेतली ती जेम्स मॅक्यून स्मिथ या कृष्णवर्णीय डॉक्टरकडून, आणि आत लिहिलं की गुलामीविरोधी चळवळीतले गोरे सहकारी मला सांगायचे तू फक्त घडलेलं सांग, त्याचा अर्थ आम्ही लावू. त्याने त्यांचं ऐकलं नाही. दुसरं पुस्तक पहिल्यापेक्षा खूप जाड आहे आणि त्यात आई-आजीबद्दल कितीतरी जास्त आहे. कोव्ही नावाच्या माणसाकडे, जो गुलामांना वठणीवर आणण्यासाठी प्रसिद्ध होता, त्याच्याशी सोळा वर्षांच्या डग्लसने जी मारामारी केली ती पहिल्या पुस्तकातही आहे, पण कोव्हीने मदतीला बोलावल्यावर त्याच्याच घरातल्या कॅरोलाइन नावाच्या गुलाम बाईने डग्लसला धरायला साफ नकार दिला हे दुसऱ्या पुस्तकातच येतं. एकट्याने लढून जिंकलेला पोरगा वाचायला छान वाटतो, पण त्या दिवशी एका बाईने फटक्यांची किंमत मोजून हात मागे घेतला होता, ते दहा वर्षांनी वाचकांपर्यंत पोचलं. एकाच माणसाच्या दोन आत्मकथा शेजारी ठेवून का वाचायच्या ते इथे कळतं.

आता हॅरिएट जेकब्ज. या सगळ्यात मला सगळ्यात जवळची हीच आणि तिच्यावर थोडं जास्तच लिहिणार आहे. नॉर्थ कॅरोलायनातलं ईडेंटन नावाचं छोटं गाव, जन्म १८१३ चा. मालकाच्या घरातला डॉक्टर नॉरकॉम तिच्या वयात येण्यापासून तिच्या मागे लागलेला. इथे एक कायदा माहीत पाहिजे. व्हर्जिनियाने १६६२ मध्येच ठरवून टाकलं होतं की मूल आईच्या बाजूचं, आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणी का असेना, आणि तीच रीत दक्षिणेत सगळीकडे चालली. म्हणजे मालकाने जबरदस्ती केली तर गुन्हा तर नाहीच, उलट होणारं मूल त्याच्याच मालकीचं. जेकब्जने यातून स्वतःपुरती वाट काढली, गावातल्या दुसऱ्या एका गोऱ्या वकिलाशी संबंध ठेवला, दोन मुलं झाली, या आशेवर की तो कधीतरी मुलांना विकत घेऊन सोडवेल. हे तिने पुस्तकात लिहिलं, एकोणिसाव्या शतकातल्या गोऱ्या सोवळ्या वाचक बायकांसमोर लिहिलं, आणि सांगितलं की ज्या मापाने तुम्ही स्वतःला मोजता त्या मापाने गुलाम बाईला मोजू नका. त्या काळी हे लिहायला काय लागलं असेल! म्हणून तर तिने सगळी नावं बदलली, स्वतःचंही.

१८३५ मध्ये ती पळाली. नॉरकॉमने पेपरात शंभर डॉलर बक्षिसाची जाहिरात दिली, ती जाहिरात आज उपलब्ध आहे. त्यात तिची उंची आहे, अंगयष्टी आहे, केस कुरळे पण सहज विंचरून सरळ होतात हे आहे, बोलायला चटपटीत आहे, शिवणकाम चांगलं येतं म्हणून कपडे चांगले घालते हे आहे, आणि शेवटी काय, तर ही कुठलंही माहीत असलेलं कारण नसताना पळून गेली. कारण नसताना. पुस्तक वाचून झाल्यावर ही जाहिरात वाचा. जाहिरातीत खोटं असं एकच वाक्य आहे, आणि ते खोटं आहे हे कळतं ते तिच्या पुस्तकातून.

ती लांब कुठे गेलीच नाही. गावातच तिची आजी राहायची, आजी सुटलेली होती, बेकरीचा माल करून विकायची. आजीच्या घराला लागून एक छपरी होती, तिच्या वर कौलाखाली पोटमाळा, नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि सगळ्यात उंच जागी तीन फूट. म्हणजे उभं राहायचं तर सोडाच, नीट बसताही येत नाही, कूस बदलताना डोकं छताला. उजेड नाही, हवा नाही, उंदीर. त्यात ती जवळजवळ सात वर्षं राहिली. अंधारात डोक्याला एक गिरमिट लागलं, त्याने तिने फळीला भोकं पाडली आणि त्यांच्यामधलं लाकूड काढून इंचभर लांबी-रुंदीची फट केली, तिच्यातून रस्त्यावर खेळणारी आपली मुलं बघायची. त्या फटीतून पहिला माणूस दिसला तो नॉरकॉम. तिथे पडल्या पडल्या तिने त्याला पत्रं लिहिली, न्यूयॉर्कच्या एका जुन्या पेपरातून रस्त्यांची नावं काढून, आणि ती ओळखीच्या माणसाबरोबर उत्तरेला पाठवून तिथून पोस्टात टाकायला लावली, म्हणजे त्याला वाटावं ती तिकडे आहे. त्याने ती आजीला वाचून दाखवली, तीही मजकूर बदलून, आणि हे सगळं ही लपून ऐकत होती!

१८४२ मध्ये जहाजाने निघायच्या आधी ती मुलाला भेटली तेव्हा मुलगा म्हणाला मला माहीत होतं तू इथे आहेस, मी एकदा वरून खोकला ऐकला होता. कोणाला बोलला नव्हता. बाकीची पोरं त्या कोपऱ्याकडे खेळायला आली की त्यांना दुसरीकडे घेऊन जायचा. लहान मूल होतं ते.

पुस्तक तिने न्यूयॉर्कजवळ एका लेखकाच्या घरी मुलं सांभाळायच्या नोकरीत असताना, काम संपल्यावर, मालकाला कळू न देता लिहिलं. ते १८६१ मध्ये निघालं, आणि पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ जाणकार म्हणत राहिले की ही कादंबरी आहे, संपादक बाईंनीच लिहिली असणार, सात वर्षं माळ्यावर वगैरे कुठे शक्य आहे का. गुलामांच्या आत्मकथांना इतिहासात मानाची जागा मिळवून देणाऱ्या जॉन ब्लॅसिंगेमसारख्या इतिहासकारानेही १९७२ मध्ये हे पुस्तक विश्वास ठेवण्यासारखं नाही म्हणून बाजूला ठेवलं. मग जीन फॅगन येलिन या प्राध्यापक बाईंनी जेकब्जने एमी पोस्ट या मैत्रिणीला लिहिलेली पत्रं वाचली, भाषा तीच, घटना त्याच, मग ईडेंटनचे कागद, नॉरकॉम घराण्याचे कागद, सगळं एकेक करून जुळवलं, आणि १९८७ मध्ये टिपांसकट आवृत्ती काढली. पुस्तकातला जवळजवळ प्रत्येक माणूस खरा निघाला. तो वकील तर पुढे अमेरिकेच्या संसदेत निवडून गेलेला. नॉर्थअपच्या पुस्तकाचंही असंच झालं, स्यू ईकिन आणि जोसेफ लॉग्सडन या दोघांनी कोर्टाचे, विक्रीचे, जहाजाचे कागद तपासून १९६८ मध्ये दाखवून दिलं की माणूस खरं सांगत होता.

यावरून कोणाला वाटेल की आता शंका घ्यायचीच नाही, तर तसंही नाही. संपादकांनी हात फिरवलेला असतो. जेकब्जच्या संपादक लिडिया मारिया चाइल्ड यांनी गुलामीविरुद्ध सशस्त्र उठाव करणाऱ्या जॉन ब्राउनवरचं शेवटचं प्रकरण काढून आजीच्या मृत्यूवर पुस्तक संपवायला सांगितलं आणि तसंच झालं, म्हणजे राजकीय शेवट जाऊन घरगुती शेवट आला. शिवाय ज्यांनी लिहिलं ते सगळे सुटलेले, त्यात पुरुष जास्त, उत्तरेच्या सीमेजवळच्या राज्यांतले जास्त, कारण मिसिसिपीतून पळून जाणं जवळजवळ अशक्य होतं. आणि काही गोष्टी मुद्दाम सांगितलेल्या नाहीत. डग्लस आपण पळालो कसे ते १८४५ मध्ये सांगतच नाही, सांगितलं तर ती वाट मागच्यांसाठी बंद होईल म्हणून, खलाशाचे कपडे घालून दुसऱ्याचे कागद दाखवून ट्रेनने आलो हे त्याने १८८१ च्या तिसऱ्या आत्मकथेत मोकळेपणाने लिहिलं, तेव्हा गुलामी संपून सोळा वर्षं झाली होती. पाव खाऊन अक्षरं शिकवणाऱ्या त्या पोरांची नावंही त्याने तेव्हा दिली नाहीत, त्यांना त्रास होईल म्हणून. त्यामुळे ही पुस्तकं वाचताना जिथे लेखक अचानक गप्प होतो तिथे थांबायचं आणि विचारायचं की हा आत्ता कोणाला वाचवतोय.

आपल्याकडचा संबंध सांगायचा तर जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी छापलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, म्हणजे पुण्यात बसून तिकडच्या लढ्याकडे लक्ष ठेवणारी माणसं तेव्हाही होती. आणि दुसरं उदाहरण मलिक अंबरचं. इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, हातोहात विकला जात अहमदनगरला आला, निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, खडकी वसवलं, म्हणजे आजचं संभाजीनगर. त्याच्याबद्दल मुघल दरबारच्या, म्हणजे शत्रूच्या बखरकारांनी लिहिलंय, परदेशी व्यापाऱ्यांनी लिहिलंय, पण विकलं गेलं तेव्हा त्या पोराला काय वाटलं, आईचं काय आठवत होतं, हे त्याच्या शब्दांत आपल्याकडे काहीच नाही. एवढा मोठा माणूस होऊनही नाही. डग्लस आणि जेकब्जची पुस्तकं हातात असणं म्हणजे काय ते मला मलिक अंबरचा विचार केला की जास्त कळतं.

अजून नवं सापडतंय हेही सांगतो. जेकब्जचा भाऊ जॉन, तोही पळालेला, पुढे ऑस्ट्रेलियात पोचला आणि १८५५ मध्ये सिडनीच्या एका पेपरात त्याने आपली कहाणी छापली, अमेरिकेच्या कायद्यावर आणि राज्यकर्त्यांवर सरळ आरोप करत. ती तिथेच पेपरात पडून राहिली. १८६१ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकात त्याची काटछाट केलेली आवृत्ती आली होती, लोकांना तेवढीच माहीत होती, मूळ पूर्ण मजकूर पुस्तक म्हणून आला तो २०२४ मध्ये. दोन्ही समोर ठेवले की संपादक काय काय कापायचे ते स्पष्ट दिसतं, राग कापायचे.

वाचायला सुरुवात करायची असेल तर डग्लसचं १८४५ चं घ्या, शंभरेक पानांचं आहे, इंग्रजी सोपं आहे, एका रविवारी होईल. मग जेकब्ज, पण येलिन यांच्या टिपांची आवृत्ती मिळाली तर तीच. जॉनचं त्यानंतर, म्हणजे तोच डॉक्टर आणि तेच घर भावाच्या नजरेतून दिसेल. जुनी पुस्तकं कॉपीराइट संपल्यामुळे नेटवर फुकट आहेत, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने तर असा मोठा संग्रहच ऑनलाइन ठेवलाय. फक्त सुरुवातीच्या त्या थोरामोठ्यांच्या प्रस्तावना आधी वाचू नका, थेट पहिल्या प्रकरणाला जा, प्रस्तावना नंतर वाचल्या तरी चालतात.